एल्डर स्क्रोल्स मालिकेतल्या व्हिडिओ गेम्सची रँकिंग लावायची कशी

आधी एक करा, जो गेम सगळ्यात पहिला खेळलात तो बाजूला ठेवा, कारण पहिलं प्रेम आपोआप एक नंबरला जाऊन बसतं, माझं ओब्लिव्हियनचं (२००६) तेच झालेलं. मग प्रत्येकाला एकच विचारा, हा मला रस्ता चुकू देतो का? मॉरोविंडमध्ये (२००२) रस्ता दाखवणारा बाण-बिण काही नाही, कोणीतरी तोंडी रस्ता सांगतं आणि आपण जर्नल (गेममधली नोंदवही) उघडून तेच परत परत वाचत बसतो, वर त्या क्लिफ रेसरांचा, म्हणजे उडत येऊन हल्ला करणाऱ्या प्राण्यांचा, ताप वेगळाच! स्कायरिमला (२०११) बाण धरून चालत सुटलं की झालं, पण समोर डोंगर दिसला की चढावंसं वाटतं हे मानायलाच लागेल. ओब्लिव्हियनमध्ये आपली लेव्हल वाढली की साधे वाटमारेपण महागडं ग्लासचं चिलखत घालून फक्त शंभर नाणी मागतात, अरे ते चिलखतच विका की! इथे मार्क कापाच. अरीना (१९९४) आणि डॅगरफॉलची (१९९६) यादी वेगळी करा, डॅगरफॉलच्या तळघरात घुसताना परतीचा रिकॉल मंत्र आधी घ्या. माझं म्हणाल तर मॉरोविंड, स्कायरिम, मग ओब्लिव्हियन. ग्राफिक्सचे मार्क सगळ्यात शेवटी, तेपण बरोबरी झाली तरच.