मदरबोर्ड बदलला आणि विंडोज रुसलं

जुलैत पावसाने आमच्या परळच्या चाळीत दिवसातून दहादा लाइट ये-जा करत होती. त्यात पीसीचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, गेला. लॅमिंग्टन रोडवरून नवा आणून बसवला, जुन्याच एसएसडीवरून (विंडोज आणि फाइल्स साठवलेल्या ड्राइव्हवरून) मशीन सुरूही झालं, पण उजव्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ची पुसट अक्षरं!

कारण साधं आहे. विंडोज ११ चं डिजिटल लायसन्स, म्हणजे वापरायचा परवाना, मशीनच्या हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड बदललं तर सहसा काही होत नाही. बोर्ड बदलला की त्याच्या लेखी कॉम्प्युटरच नवा.

दुकानदार म्हणाला, “साहेब, पाचशेत विंडोज चालू करायची नवी ‘की’ (कोड) टाकून देतो.” असल्या स्वस्त ‘की’ मला चोरबाजारातल्या घड्याळासारख्या वाटतात, म्हणून नको म्हटलं. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एसएलएमजीआर’, स्पेस, स्लॅश, ‘डीएलआय’ टाइप करून पाहिलं. खिडकीत ‘रिटेल’ (वेगळं विकत घेतलेलं लायसन्स) दिसलं, जीव भांड्यात पडला. ‘ओईएम’ (मशीनबरोबरच आलेलं) असतं तर ते जुन्या बोर्डाबरोबरच गेलं असतं.

मग सेटिंग्ज, सिस्टम, अ‍ॅक्टिव्हेशन, ट्रबलशूट. तिथे ‘हार्डवेअर नुकतंच बदललं’ अशा अर्थाची ओळ दाबून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं. यादीत दोन मशीन होती: बायकोचा जुना लॅपटॉप आणि हा पीसी. पीसी निवडून, ‘सध्या हेच वापरतोय’वर टिक करून अ‍ॅक्टिव्हेट दाबलं. अक्षरं गायब.

लायसन्स अकाउंटला आधीच जोडलेलं होतं म्हणून हे जमलं. ते मी दोन वर्षांपूर्वी कंटाळून, चहा उकळेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून केलं होतं.