शेजाऱ्याचं झाड घरावर पडलं? विम्याचा दावा करताना या चुका टाळा

वादळी पावसात शेजारच्या कंपाउंडातलं झाड आपल्या छपरावर कोसळलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘झाड तुमचं, भरपाई तुम्हीच द्या.’ या एका वाक्यात महिनाभर भांडण चालतं. तोवर विमा कंपनीला कळवायचं राहून जातं, ओलं सामान फेकलं जातं आणि खोडाचे ओंडके वखारीत पोहोचलेले असतात.

‘झाड ज्याचं, पैसे त्याचे’ असं धरून चालणं

विमा कंपनी आधी घर कुणाचं ते बघते, झाड कुणाचं ते नंतर. ज्याच्या घराचं नुकसान झालं, त्याने स्वतःच्या पॉलिसीवर दावा करायचा. शेजाऱ्यावर जबाबदारी येते ती निष्काळजीपणामुळे. झाड धोकादायक झालंय हे त्याला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, आणि तरी त्याने हात हलवला नाही, हे तुम्हाला दाखवावं लागतं. धडधाकट झाड चक्रीवादळात उन्मळून पडलं तर ‘नैसर्गिक आपत्ती’ हा त्याचा बचाव भक्कम असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धन पट्ट्यावर धडकलं तेव्हा माड-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. अशा दिवशी पडलेल्या एका माडाबद्दल एका शेजाऱ्याला दोषी ठरवणं फार कठीण.

‘त्याच्या घराचा विमा आहे, तो देईल’ हाही गैरसमजच. त्याची साधी गृहविमा पॉलिसी त्याच्या घरापुरती असते. तुमच्या नुकसानीची जबाबदारी तिच्यात यायची तर त्याने त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण वेगळं घेतलेलं असायला हवं, आणि ते घेणारे थोडेच.

गृहकर्जाबरोबरचा विमा म्हणजे घराचा विमा समजणं

कर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी बऱ्याचदा कर्जदाराच्या आयुष्याची असते. कर्जदार गेला तर कर्ज फिटतं, छप्पर गेलं तर काहीच मिळत नाही. कागद काढून आजच बघा.

घराचा खरा विमा असेल तर त्याचं नाव तपासा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणं बंधनकारक करण्यात आलं. तिच्यात वादळ, पूर, वीज यांच्या जोडीला बाहेरची वस्तू आदळून होणारं नुकसान येतं आणि पडणाऱ्या झाडाचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे वारा नसताना, निव्वळ मुळं कुजून झाड पडलं तरी दावा बसतो. जुन्या आगीच्या पॉलिसीत आदळण्याचं कलम वाहन आणि जनावरांपुरतं असायचं. त्यामुळे वादळ आलं होतं हे दाखवता आलं नाही तर दावा अडायचा.

या पॉलिसीत ‘घर’ म्हणजे नुसत्या भिंती आणि छप्पर नव्हे. कंपाउंडची भिंत, गेट, पाण्याची टाकी, सोलर पॅनल हेही त्यात धरलेलं असतं. लोक छपराची कौलं मोजतात आणि नेमकं हेच मागायला विसरतात. इमारतीचा विमा असेल तर घरातल्या सामानालाही विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. विमा रक्कम मात्र बांधकामाच्या खर्चावर काढतात : चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. जागेची किंमत त्यात धरून जास्त हप्ता भरण्यात काही हशील नाही.

झाड तोडण्याचा सगळा खर्च मिळेल असं समजणं

इथे हिशेब चुकतो. राडारोडा हटवण्याचा खर्च दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंतच मिळतो, आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत. दावा ३ लाखांचा ठरला तर झाड उचलायला ६ हजार. जुन्या वर्षावृक्षाचं खोड क्रेन लावून काढायचं म्हटलं तर ही रक्कम कुठच्या कुठे संपते. झाड घराला न लागता नुसतं अंगणात आडवं झालं असेल तर तो खर्च तुमचाच.

पुरावा तोडून टाकणं

करवत लागण्याआधी फोटो घ्या : उपटलेल्या मुळांचा गड्डा, खोडाचा पोकळ किंवा वाळवी लागलेला भाग, बुंध्यापासून तुमच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेप लावून, आणि झाड नेमकं कुठे आदळलं ते. खोड पोखरलेलं दिसलं तर त्याची एक आडवी चकती कापून ठेवा. शेजाऱ्याच्या हलगर्जीपणाचा याहून चांगला साक्षीदार नाही.

नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी. ताडपत्री टाका, वीज बंद करा, पावत्या जपा. विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत कायमची दुरुस्ती करू नका आणि मोडलेलं सामान फेकू नका. कंपनीला लगेच कळवा. दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. मुंबईत पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर कळवलं की तक्रार क्रमांक मिळतो, गावाकडे तलाठ्याचा पंचनामा होतो. दोन्ही कागद दाव्याला जोडा.

शेजाऱ्याने दहा-वीस हजार हातावर ठेवले म्हणून ‘आता माझी काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका. तुम्हाला पैसे दिल्यावर ते दोषी व्यक्तीकडून वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तो तुम्ही परस्पर सोडून दिलात तर तुमचाच दावा अडचणीत येतो.

पडेपर्यंत तोंडी सांगत राहणं

‘अहो, ती फांदी बघा जरा’ हे कुंपणावरून दहादा सांगितलेलं कोर्टात शून्य. फोटोसह पत्र पोचपावती मिळेल असं पाठवा. एक प्रत महापालिकेच्या उद्यान विभागाला द्या. हे पत्र हातात आलं की ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय शेजाऱ्याला उरत नाही.

तरी तो हलला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ वापरा. पडून इजा होण्याची शक्यता असलेलं झाड हटवण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी त्याखाली काढू शकतात. जुन्या फौजदारी संहितेत हेच कलम १३३ होतं. अर्ज प्रांत कार्यालयात करता येतो.

रागाच्या भरात रात्री करवत चालवू नका. शहरांत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि खाजगी आवारातल्या झाडालाही परवानगी लागते. गावात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच आहेत. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे.

सोसायटी, रस्ता आणि गाडी

सोसायटीच्या आवारातली झाडं सोसायटीने स्वखर्चाने, परवानगी घेऊन छाटायची असतात. पावसाळ्याआधी पालिकेची नोटीस येऊन पडली असेल आणि समितीने ती फायलीत लावून ठेवली असेल, तर तीच नोटीस पुढे समितीविरुद्ध पुरावा ठरते. रस्त्यावरचं झाड पालिकेचं. तिच्यावर दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावाही सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, म्हणून वकिलाला लवकर गाठा.

झाडाखाली उभी असलेली गाडी गृहविम्यात येत नाही. तिचा दावा गाडीच्याच पॉलिसीवर करायचा, तोही स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण घेतलेलं असेल तरच. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काच आणि टप या दोन्हींचा खर्च खिशातून.