नातवाच्या भेटीसाठी कोर्टात जाण्याआधी

बडोद्यात मुलाचा संसार मोडला आणि नातू सुनेबरोबर मांजलपूरला तिच्या माहेरी गेला, की दांडिया बाजारातले आजी-आजोबा आधी सुनेच्या चुका लिहायला बसतात. ती वही घरीच राहू द्या. फॅमिली कोर्ट बघतं ते मुलाचं हित, म्हणून पहिला कागद नातवाच्या आठवड्याचा हवा: शाळा कधी सुटते, ट्युशन कधी, झोपतो किती वाजता. त्यातला मोकळा वेळ हेरून मागणी लिहा. ‘भेटू द्यावं’ हे फार मोघम झालं. दर रविवारी 4 ते 7, कामाटीबागेत, मधल्या वारी एक व्हिडिओ कॉल, दिवाळीच्या सुटीतले अमुक दिवस, असं हवं. गणपती आणि उत्तरायण आठवणीनं वेगळे घाला, नाहीतर 14 जानेवारीला पतंग बाजूला राहून फोनवरच काटाकाटी सुरू होते.

अर्ज कुणाच्या नावानं, हे वकिलाशी आधी ठरवा. आजी-आजोबांना भेटीचा हक्क देणारं वेगळं कलम आपल्याकडे नाही. मुलगा हयात असेल तर त्याच्याच अर्जात तुमच्या भेटीचं लिहून घेणं सोपं. आई असताना पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा तिच्याकडेच राहतो, तिथे हट्ट नको. आईवडील दोघेही नसतील, तर 1890च्या पालक व पाल्य कायद्याखाली नातेवाईक म्हणून तुम्हीच अर्ज करू शकता. कोरोनात पोरक्या झालेल्या एका मुलाचा ताबा गुजरात हायकोर्टानं दाहोदच्या मावशीला दिला होता. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो अहमदाबादच्या आजी-आजोबांना दिला. वय आणि मिळकत एवढ्यावरून त्यांना नाकारता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. तरी पेन्शनचं पासबुक न्याच. आणि मूल पुण्यात राहत असेल, तर ताब्याचा अर्जही पुण्यातच.

बाकी जन्मदाखला, ममता कार्ड (लसीकरणाचं), बोनाफाईड, फीच्या पावत्या, सगळ्याच्या झेरॉक्स. व्हॉट्सअ‍ॅपचे प्रिंट जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागेल का, ते वकिलाला विचारा.

नातवाला काही पढवू नका; न्यायाधीश चेंबरमध्ये त्याच्याशी एकटं बोलले तर पोपटपंची लगेच कळते. भेटीत ‘आई काय म्हणते’ हा प्रश्न बंद. ठरल्या वेळी परत सोडा आणि सुनेला तसा मेसेज टाका. पुढे वाढीव वेळ मागताना हेच मेसेज दाखवायचे असतात.