पदवीच्या वर्षांतच नोकरीची तयारी करताय? या चुका टाळा

ओजेटीचा, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन घ्यायच्या प्रशिक्षणाचा (ऑन जॉब ट्रेनिंग), नुसता शिक्का आणू नका. कॉमर्स कॉलेजात शिकवतो, प्लेसमेंटचं काम बघतो, आणि सगळ्यात जास्त जीव याच चुकीने जळतो. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटीला क्रेडिट मिळतात. पोरं मामाच्या ओळखीतल्या दुकानदाराकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून आणतात आणि मोकळी होतात.

मागे आमचा एम.कॉम.चा एक विद्यार्थी वाळूजला अकाउंट्सच्या मुलाखतीला गेला. बायोडाट्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, 'जीएसटी व टॅलीचा अनुभव'. मॅडमनी साधंच विचारलं, "दर महिन्याला रिटर्न भरणारी कंपनी थ्री-बी कधीपर्यंत भरते?" थ्री-बी म्हणजे जीएसटीचं रिटर्न, आणि उत्तर सोपं: पुढच्या महिन्याची २० तारीख. सीएच्या ऑफिसात महिनाभर बसलेलं पोरगं हे झोपेतही सांगेल, कारण १८-१९ तारखेला तिथे जेवायलाही फुरसत नसते. हा म्हणाला, "३१ मार्च." मग त्यांनी खरेदीचं एक बिल पुढे सरकवलं, "याची एंट्री सांगा." त्याला बिलावरचा जीएसटी नंबरही सापडेना. "ओजेटी कुठे केली?" "मॅडम, मामांच्या ओळखीत." मुलाखत तिथेच संपली. पोरगा हुशार होता हो, वर्गात जर्नल एंट्री सगळ्यांआधी करायचा. खरंच कुठे बसला असता तर नोकरी त्याचीच होती.

म्हणून मोठ्या कंपनीच्या नावामागे लागू नका. जवळचा सीए, जिनिंग, पतसंस्था, काहीही चालेल. लातूरच्या आडतीवर सोयाबीनच्या पट्ट्या लिहिणारा पोरगाही हिशेब शिकतो. रोज संध्याकाळी वहीत तीन ओळी लिहा: काय केलं, काय चुकलं, कोणाला विचारलं. मुलाखतीच्या आदल्या रात्री तीच वही वाचा. मी या वह्या तपासतो. एका बैठकीत, एकाच पेनाने उरकलेली वही पहिल्या पानावरच ओळखू येते, आणि ती मी परत देतो.

दुसरी चूक, 'आधी एमपीएससी, मग बघू.' अभ्यास जरूर करा. पण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ असल्यामुळे थांबायचं कधी, हे कोणी ठरवतच नाही. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात रूम, अभ्यासिकेची फी, मेस, आणि गावाकडे बाप कापूस विकून पैसे धाडतोय. कोणत्या वर्षी थांबणार ते आजच घरी सांगून ठेवा, आणि सोबत पोटापाण्याचं एक काम हाताशी असू द्या. विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेत अर्ज करायला लाजणारी पोरंही मी बघतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

एमएस-सीआयटी झालं म्हणजे एक्सेल आलं, असं नाही. घरच्या शेतीचा वर्षभराचा खर्च पिकानुसार मांडून पिव्होट टेबल (आकड्यांची गटवार बेरीज दाखवणारा तक्ता) करा, मग 'येतं' म्हणा.

तीस दिवसांत इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. रोज एक पान मोठ्याने वाचा, वर्षभर. याहून झटपट रस्ता मला तरी दिसलेला नाही.

झेरॉक्सच्या दुकानातला तयार बायोडाटा नको. तिथून आलेल्या प्रत्येकाचा छंद 'वाचन' असतो आणि शेवटचं पुस्तक कोणालाच आठवत नाही.

नोकरीआधी डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आणि फॉर्मवर नेट कॅफेवाल्याने बनवलेला ईमेल टाकू नका. पासवर्ड त्याच्याकडे राहतो, मुलाखतीचं पत्र तिथेच पडून राहतं. स्वतःचा ईमेल, स्वतःचा नंबर, आणि पदवी होईपर्यंत सिम बदलू नका.