रेंगाळलेली घरकामं हातावेगळी कशी करायची

गळका नळ, अर्धवट भरलेला फॉर्म, खुर्चीवर साचलेला कपड्यांचा ढीग. ही कामं असतात अर्ध्या तासाची, पण डोक्यात महिनाभर मुक्काम ठोकतात. यामागे आळस असतोच असं नाही. आळशी माणूस निवांत असतो, चालढकल करणारा मात्र दिवसभर स्वतःला टोचून घेत असतो. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली याची उकल मांडली. काम टाळलं की त्यासोबत येणारा कंटाळा किंवा धास्ती तेवढ्यापुरती टळते. ही सुटका मनाला आवडते आणि पुढच्या वेळी ते आणखी लवकर पळ काढतं. म्हणून स्वतःवर चिडून काही साधत नाही, उलट त्या कामाची धास्तीच वाढते. त्यापेक्षा सुरुवात सोपी करावी.

आधी यादी नव्याने लिहा. ‘कपाट आवरणे’ हे दहा-बारा कामांचं गाठोडं आहे. त्याऐवजी ‘वरच्या कप्प्यातलं सगळं पलंगावर काढणे’ असं लिहा. वाचल्याबरोबर पहिला हात कुठे घालायचा हे कळलं, तर ओळ जमली. नळाचंच घ्या. ‘नळ दुरुस्त करणे’ ही ओळ महिनोन्महिने तशीच पडून राहते, कारण वॉशर कोणत्या मापाचा लागेल हेच ठाऊक नसतं. तेव्हा पहिली ओळ अशी हवी: ‘पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून जुना वॉशर काढणे’. दुसरी ओळ: ‘तो खिशात टाकून दुकानात मापाला नेणे’. अडलेल्या बहुतेक कामांत असा एखादा वॉशर असतो: न सापडणारा कागद, विसरलेला पासवर्ड, कुणाला तरी विचारायचा एक प्रश्न. आधी तो हुडकून काढा.

मग कामाला खूण जोडा. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच ठरवलं तर काम होण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली मांडलं. ‘दात घासून झाले की मशीनमध्ये कपडे टाकायचे’ हे चालेल. ‘जरा निवांत झालो की’ हे चालणार नाही, कारण तो क्षण ओळखायचा कसा? खूण रोज हमखास घडणारीच हवी. लागणारं सामान आदल्या रात्री काढून ठेवा: पाना, फडकं, पेन, कागदपत्रं, सगळं एका जागी. एक वस्तू शोधायला उठलात की बैठक मोडलीच.

आता टायमर. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांच्या पोमोदोरो पद्धतीत २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती असते. नावडत्या घरकामासाठी सुरुवातीला २५ मिनिटं जास्त होतात, १० लावा. शक्यतो साधा टायमर वापरा, कारण फोन हातात घेतला की त्यातच गुंतायला होतं. घंटा वाजली की थांबायची खरोखर मुभा असू द्या. बरेच जण इथेच चुकतात: दहा मिनिटं म्हणून बसतात आणि स्वतःला तासभर रेटतात. दुसऱ्या दिवशी मन त्या दहा मिनिटांवर विश्वास ठेवत नाही. मनापासून पुढे करावंसं वाटलं तर अर्थातच करा. थांबताना पुढची पायरी चिठ्ठीवर लिहून तिथेच चिकटवा.

दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरकावं हा सल्ला चांगलाच आहे, पण दुसरं काम हातात असताना तो पाळू नका. फॉर्म भरायला बसल्यावर टेबल पुसायची हुक्की येते, तीही चालढकलच. अशा गोष्टी बाजूच्या कागदावर टिपा आणि फॉर्मकडे परत या.

वेळेचा अंदाज बहुधा कमी निघतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हा दोष १९७९ मध्ये दाखवून दिला होता. म्हणून मागच्या वेळी प्रत्यक्षात लागलेली मिनिटं यादीतच त्या कामापुढे लिहून ठेवा आणि पुढचा बेत त्यावरूनच आखा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काम अंगावर घेऊ नका, त्याच खुणेला तीच दहा मिनिटं द्या. एखादी ओळ तीन आठवडे पुढेपुढे ढकलली जात असेल, तर तिचे आणखी लहान तुकडे करा, दुसऱ्या कुणाला सोपवा, नाहीतर सरळ खोडून टाका.