हळदीला काय घालायचं? आधी हळदीच्या वाटीपासून तुम्ही किती लांब आहात ते बघा

लग्नाचा सीझन आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर पत्रिकेच्या आधी मेसेज येऊन पडतो, "हळदीला यलो थीम, सगळ्यांनी प्लीज फॉलो करा". मग दोन दिवस नुसता गोंधळ, कुणी संभाजीनगरच्या गुलमंडीत शोधतंय, कुणी लातूरच्या गंजगोलाईत, कुणी ऑनलाइन मागवून परत पाठवतंय आणि काकू विचारतायत की लिंबू कलर चालंल का आंब्याचाच पायजे. सगळ्यांचं डोकं रंगावर अडकलेलं असतं. माझं म्हणणं असंय की रंग नंतर बघा, आधी बघायचं ते नातं. हळदीला तुमच्या अंगाला हात लावायचा परवाना किती जणांकडं आहे, त्यावर कपडा ठरतो.

म्हणजे बघा, तुम्ही नवरदेवाची वहिनी असाल तर तुम्हाला कुणीच सोडणार नाही, दीर म्हणवणारी जेवढी पोरं मांडवात आहेत तेवढी सगळी तुमच्या मागं लागणार. नवरीची बहीण, करवली, आत्या, मामी, नवरदेवाचा मेव्हणा, जिगरी दोस्त हे सगळे पहिल्या फळीतले. यांनी धुतल्यावर राहिलं तर राहिलं, गेलं तर गेलं अशा तयारीनंच कपाटातून कपडा काढायचा. दुसऱ्या फळीत शेजारी, ऑफिसवाले, वडलांच्या ओळखीचे, त्यांच्या गालाला एक बोट लागतं आणि विषय संपतो, त्यांनी चांगला कुर्ता घातला तरी चालतो. सगळ्यात फसतात ते मधले. आपण पाहुणे म्हणून गेलोय असं ज्यांना वाटतं पण समोरच्याला वाटत नाही.

मी अशीच फसले. वसमतकडच्या एका गावात मामेबहिणीची हळद होती आणि मी वहिनीचा ऑफव्हाइट चिकनकारीचा कुर्ता मागून घालून गेले, का तर फोटोत पिवळ्यात पांढरं उठून दिसतं म्हणे. अर्धा तास बरा गेला. मग मागून कुणीतरी दोन्ही हातांचे पंजे पाठीवर उमटवले, पूर्ण दहा बोटं. आणि हळद कुठली, तर घरच्या शेतातली, नुकतीच शिजवून वाळवून दळून आणलेली. आपल्याकडं मराठवाड्यात हळदीची काढणी उन्हाळ्याच्या तोंडाला होते आणि लग्नंही तेव्हाच, त्यामुळं वाटीत येते ती एकदम ताजी आणि कडक. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, माझ्या हिशोबानं ते मानांकन वहिनीच्या कुर्त्याला आधीच मिळालेलं होतं. मामी म्हणली, "कामून घातलीस गं पांढरं, तुला म्हाईत नव्हतं का आपल्या घरची लेकरं?" माहीत होतं मामी, पण फोटोचा मोह.

आता कापडाचं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं असतो आणि मांडव पत्र्याचा नाहीतर कापडी, कूलर आहे तो नवरीकडं तोंड करून. अशात नेटचा घेरदार लेहंगा आणि त्याच्या आत कॅनकॅनचा फुगीर परकर घालून जे लोक येतात त्यांच्या धाडसाला नमस्कार. कॉटन, मलमल, खादी, फार तर लिनन, याच्या पलीकडं जायचं कारण नाही. आता कुणी म्हणेल कॉटनला तर हळद लगेच धरते, सिंथेटिक घातलेलं बरं. कॉटनला धरते हे खरंय, हळदीचा रंग सुती कापडाला बाकी काही न मिसळता चढतो. पण सिंथेटिक वाचतं असंही समजू नका, घरातला प्लास्टिकचा लोणच्याचा डबा बघा कसा पिवळा होऊन बसलाय तो. हळदीतला जो रंग आहे तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि आपण हळद कालवतो तेलात नाहीतर दूध-सायीत, म्हणजे त्याला बसायला गादीच घालून दिली. मग निदान घाम शोषणारं तरी घालावं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते, विशेष करून पोरींना. हळदीत पाणी उडतंच, शेवटी शेवटी तर बादल्याच ओततात, आणि पातळ पिवळं कॉटन ओलं झालं की आरपार दिसतं. दुकानात ट्रायल रूममध्ये हे कळत नाही कारण तिथं ते कोरडं असतं. आतून स्लिप घाला, अंगाच्या रंगाची किंवा पिवळीच, पांढरी नको, ती आणखी चमकते. साडी असेल तर परकर कॉटनचा आणि नाडी घट्ट, ओली साडी वजनानं खाली ओढते. ब्लाउज गडद रंगाचा ठेवा कारण हळद सगळ्यात जास्त मानेला आणि गळ्याला लावतात. माझ्या मते बेस्ट कॉम्बिनेशन म्हणजे साधी पिवळी कॉटन साडी आणि त्याच्यावर खणाचा ब्लाउज, मरून नाहीतर गडद हिरवा, डाग पडला तरी खणाच्या बुट्ट्यांत हरवून जातो आणि गावाकडच्या आज्यांनाही आवडतं, "झंपर झकास हाय" असं ऐकायला मिळतं वर.

नवीन कपडा असेल तर अजून एक काम. ओढणीचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा रंग सोडतोय का. लाल-पिवळ्या डबल शेडच्या स्वस्त ओढण्या पाण्यात रंग सोडतात, मग हळदीचा डाग निघतो पण ओढणीचा निघत नाही.

रंगाकडं येऊ. सगळ्यांनी पिवळं घातलं आणि मागं डेकोरेशनलाही पिवळे पडदे आणि झेंडूच्या माळा असल्या की फोटोत नुसती डोकी दिसतात, बाकी सगळं भिंतीत गेलेलं. थीम पाळायची असेल तर पिवळ्यातच जरा गडद घ्या, मोहरी कलर, नाहीतर पिवळ्याला राणी, मोरपंखी, मेंदी कलरची किनार असलेलं. एकदम नवरीसारखं मात्र नको. तिच्या अंगावर मामाकडची पिवळी साडी असते, कपाळाला मुंडावळ्या असतात, तिच्या शेजारी पाटावर बसून तुम्ही डिट्टो तशीच साडी आणि फुलांचे दागिने घातले तर म्हातारं माणूस हळद तुम्हालाच लावून मोकळं होईल, झालेलं आहे असं आमच्यात. काळं घालू नका, तुमचा विश्वास असो नसो, एखादी आजी बोलणारच आणि दिवसभर मूड जाईल. काळ्याचा मान आपल्याकडं संक्रांतीला, तेवढाच. आणि पैठणी? पैठण आपलंच, पैठणी आपलीच, पण ती दुसऱ्या दिवशी अक्षदांच्या वेळी. रेशमाला हळद कॉटनसारखीच पटकन चढते आणि काढायला गेलात तर जरीची वाट लागते.

नवरीच्या आईनं काय घालावं हा प्रश्न कुणी विचारत नाही कारण तिला स्वयंपाकघर, पाहुणे, कासार आलाय का, बांगड्या भरल्या का यातून कपडे बदलायलाच वेळ मिळत नाही. तिच्यासाठी एक चांगली हिरवी किंवा पिवळी साडी आदल्या दिवशीच पिनअप करून, ब्लाउज-परकरासकट एका पिशवीत घालून ठेवा. हे काम करवलीचं.

घरात एखादी मावशी-काकू अशी असते जिला नवरा गेल्यापासून हळदीच्या दिवशी मागच्या खोलीत बसवतात, फिक्या साडीत. तिच्यासाठीही पिवळी साडी घ्या. आणि आधी नेऊन द्या, ऐनवेळी नको, ऐनवेळी ती नाहीच म्हणते. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आपल्याला तर नुसती एक साडी आणायचीय. आमच्या घरी गेल्या लग्नात आणली, दोन माणसं कुरकुरली, मग जेवायला बसली.

पुरुषांचं थोडक्यात. पांढरा झब्बा घालून हळदीला येणारे आणि मग "ए कपड्याला नको, कपड्याला नको" करत पळणारे भाऊजी प्रत्येक मांडवात एक तरी असतात, त्यांनाच सगळ्यात जास्त लागते. जुना पिवळा कुर्ता, खाली गडद पँट चालते कारण तिच्यावर हळद दिसत नाही. नवरदेवानं साधं धोतर किंवा जुनी बर्मुडा आणि बनियन, बनियन नवीन पण हलक्यातलं, कारण दोस्तमंडळी ते फाडणार हे गृहीत धरा. टॉवेल कुठला घ्यायचा याची चिंता नको, आहेरातल्या टॉवेल-टोप्या कपाटात थप्पी लागून पडलेल्या असतातच, त्या उपयोगाला यायचा हाच दिवस. मोबाईल खिशात ठेवू नका, आणि ट्रान्सपरंट कव्हर असेल तर आधी काढा, ते पिवळं झालं की परत पांढरं होत नाही.

दागिने कमीच. खड्यांच्या खाचेत आणि मंगळसूत्राच्या मण्यांत हळद जाऊन बसते आणि मग दात घासायच्या ब्रशनं काढत बसावं लागतं. कुंदन वगैरे चिकटवलेलं असतं, पाण्यानं सुटतं. खऱ्या फुलांचे घाला, शेवंती, मोगरा, झेंडू, कागदी फुलांचे दागिने दिसायला छान पण ओले झाले की मानेवर गुलाबी ओघळ. हिल्स नकोत, मांडवात हळद-तेल-पाण्याचा चिखल असतो आणि तसंही चप्पल बाहेरच काढायची असते. केस हायलाइट केलेले किंवा पिकलेले असतील तर तेल लावून बांधून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी लग्नात पिवळी बट घेऊन फिराल. हलक्या रंगाचं नेलपेंटही पिवळं पडतं.

वेळ पण विचारून घ्या. आपल्याकडं बऱ्याच गावांत हळद संध्याकाळी-रात्री असते, डीजेसकट, आणि नवरीकडं नवरदेवाची उष्टी हळद आल्याशिवाय सुरू होत नाही, ती गाडी येईपर्यंत दोन-दोन तास तसंच बसायचं. म्हणजे आठ वाजताची हळद दहाला लागली तरी अंगावर टोचणार नाही असंच पाहिजे. हॉलमधली हळद असेल, फोटोग्राफर, स्मोक, फुलांच्या पाकळ्या, तर तिथं हळद नावापुरती असते, तिथं घाला काय भारी घालायचं ते.

आता डाग. इथं सगळे एकच चूक करतात, मीही केली, घरी आल्या आल्या साबण चोळला आणि कुर्ता लालभडक झाला. मला वाटलं संपलं, वहिनीला तोंड कसं दाखवू. पण तसं होतंच, साबण-सोडा लागला की हळद लाल होते, कुंकू हळदीला चुना लावूनच करत आलेत ना, तोच प्रकार. भरपूर पाण्यानं धुतलं की परत पिवळं होतं. बरोबर पद्धत अशी की आधी वाळलेली हळद झटकून टाका, मग गार पाण्यात, गरम अजिबात नको, भांड्याच्या लिक्विडनं तेल काढा, मग धुवा, आणि मग उन्हात टाका. सावलीत नाही, उन्हात. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही आणि मराठवाड्यात बाकी कशाची कमी असली तरी उन्हाची नाही. थोडा ओला करून परत टाका, दोन-चार दिवसांत पांढऱ्या कपड्यावरचा डाग बराच उडतो. रंगीत कपडा मात्र उन्हात कपड्याचाच रंग सोडतो, लक्ष ठेवा. रेशमी असेल तर घरी काही करू नका, सरळ ड्रायक्लीनला द्या आणि हळद आहे म्हणून सांगा.

पाण्याचाही विचार करा बरं का. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, आणि मे महिन्यात अजूनही कितीतरी गावांत टँकरच्या पाण्यावर लग्न लागतं. ज्या घरी गेलात तिथं आठ-आठ बादल्या पाणी कपड्यावर ओतत बसू नका, कपडे पिशवीत कोंबा आणि घरी आणून धुवा. म्हणून निघतानाच दोन पिशव्या घ्यायच्या, एकीत बदलायचे कपडे, दुसरी प्लास्टिकची, ओल्या कपड्यांची. आणि कुणाच्या गाडीतून परत येणार असाल तर एक जुनी चादर सीटवर टाकायला. वहिनीचा कुर्ता निघाला शेवटी, भाऊजींच्या गाडीचं सीट कव्हर अजून तसंच आहे.