कोकणात जाताय तर खानावळीत जेवा, पण वेळेत पोचा

मुंबई-गोवा हायवेने आम्ही वर्षातून दोनदा तरी खाली जातो आणि दरवेळी कोणीतरी विचारतंच, मासे कुठे खायचे, नाव सांग. नाव सांगून फार उपयोग नसतो हो. चार टेबलांची खानावळ, घरात लग्न असलं की बंद, काकींना बरं नसलं की बंद, गणपतीत तर विचारूच नका. त्यापेक्षा खानावळ शोधायची कशी आणि तिथलं गणित कसं चालतं ते एकदा समजून घेतलं की कुठेही चांगलं जेवायला मिळतं.

पहिलं म्हणजे हायवे सोडा. चौपदरी झाल्यापासून गाड्या गावात शिरतच नाहीत, कणकवलीत फ्लायओव्हरवरून सरळ पुढे जातो आपण, सावंतवाडी तर झाराप-पत्रादेवी बायपासमुळे पूर्ण बाजूलाच राहते, मग रस्त्यावर दिसणार काय तर मोठ्या पार्किंगवाली हॉटेलं. सर्व्हिस रोडला उतरा आणि बाजारपेठ नायतर एसटी स्टँडचा परिसर गाठा, दहा मिनिटं जातील, जाऊदेत. एसटी थांबलीय म्हणजे जेवण चांगलं असं मात्र समजू नका, तो ठरलेला थांबा असतो. वायरमन, रिक्षावाले, बँकेतली माणसं, टेम्पोवाले दुपारी कुठे बसलेत ते बघा, कारण ते रोज तिथे जेवतात आणि रोजच्या गिऱ्हाईकाला कालचं कालवण वाढून चालत नाही.

आता वेळ. दुपारी साडेबारा ते दोन, बस. हे मी अनुभवाने सांगतोय, एकदा आम्ही राजापूरच्या पुढे एका ठिकाणी तीन वाजता पोचलो, बरोबर लहान मुलं आणि म्हातारी आई, आणि काकी भांडी घासत होत्या. त्यांनी मुलांना वरणभात दिला, पैसे घेतले नाहीत, पण बाकी सगळं खरंच संपलं होतं. तेव्हापासून मी निघतानाच हिशोब करतो की दीड वाजता आपण कुठल्या गावात असू, आणि तिथल्या खानावळीचा नंबर मिळवून सकाळी दहाच्या आत फोन टाकतो. किती माणसं, त्यात शाकाहारी किती, एवढंच सांगायचं. पाचपेक्षा जास्त असाल तर फोन कराच, आणि कोंबडी वडे हवे असतील तर दोघंच असलात तरी करा, वड्याचं पीठ आधी मळून ठेवावं लागतं, ऐनवेळी मागून मिळत नाही आणि मिळालं तर घाईतलं असतं.

फोनवर किंवा तिथे गेल्यावर मेन्यू मागू नका, 'आज काय आलंय?' असं विचारा. सगळी खुबी याच प्रश्नात आहे. सुरमई-पापलेट सगळ्यांना माहीत असतं म्हणून सगळे तेच मागतात, पण रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, त्या दिवशी बांगडे आले असतील तर तिरफळं (मसाल्यातली एक फळं) घातलेलं बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, घ्या, पेडवे, म्हणजे छोटे मासे, आले असतील तर पेडवे घ्या, स्वस्तही आणि ताजेही. (तिरफळ चावायचं नाही, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं, नवखे चावतात आणि मग जीभ बधिर होऊन पुढची चवच लागत नाही.) तळलेल्या मोठ्या माशाचा दर तुकड्याच्या साइजवर असतो, तो आधी विचारा, काकींना त्यात काही वाटत नाही, वाद होतो तो नंतर विचारल्यावर.

वार आणि महिना पण बघा. सोमवारी बरीच घरं वार पाळतात, त्या दिवशी माशाचा आग्रह नको. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी सुरमई मिळाली तरी ती कुठून आली हा प्रश्न पडायला हवा. पावसात गेलात तर खाडीतलं काय मिळतं ते विचारा, कुर्ल्या (खेकडे) विचारा, नायतर सरळ सुकी मासळी मागा. सोड्यांचं (सुकवलेल्या कोळंबीचं) कालवण, सुक्या जवळ्याची किसमूर (खोबरं घातलेली कोरडी चटणी) आणि गरम भात, बाहेर पाऊस, मला स्वतःला सुरमईच्या थाळीपेक्षा हे जास्त आवडतं.

शाकाहारी लोकांनी पनीर मागू नये, मनापासून विनंती. काळ्या वाटाण्याचं सांबार, मार्च-एप्रिलात ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, सकाळी घावणे आणि चटणी, हे सोडून पनीर कशाला. माशाचा तवा चालत नसेल तर तेही फोनवर आधीच सांगा, म्हणजे त्यांना वेगळं करायला वेळ मिळतो.

जेवताना भात थोडाथोडा मागा, परत वाढतात, ताटात टाकू नका. सोलकढी शेवटी. स्वयंपाकघराचा व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारा, ते त्यांचं घर असतं, मागे कोणीतरी झोपलेलं असतं. पोट नाजूक असेल तर पाणी आपलं न्या. जेवून झाल्यावर लोक वाट बघत असतील तर टेबल सोडा, चार टेबलांत त्यांना अख्खी दुपार काढायची असते. पैसे रोख ठेवा, तेही सुट्टे, कारण गावात शिरलं की बऱ्याच ठिकाणी रेंज जाते आणि क्यूआर कोड भिंतीवर असूनही पेमेंट फिरत बसतं.

आणि निघताना आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आहे का विचारा, खूप जणी घरचं विकायला ठेवतात. बाटली घेतलीत तर झाकणाला प्लास्टिक बांधून उभी ठेवा, घाटात आडवी पडली तर कोकमाचा डाग कपड्यांवरून जात नाही.